तक्रार केली तर काय होईल? अमेरिकेतील स्थलांतरित कामगारांच्या हक्कांचा हिशेब

अमेरिकेत वैध कागदपत्रांविना राहणाऱ्या कामगाराला किमान वेतन मागण्याचा हक्क आहे का, असे विचारले तर बहुतेक जण ‘नाही’ म्हणतील. प्रत्यक्षात तो हक्क आहे. १९३८ च्या ‘फेअर लेबर स्टँडर्ड्‌स ॲक्ट’ या कायद्याने किमान वेतन ठरवून दिले आणि आठवड्यात ४० तासांच्या वर केलेल्या कामाला दीडपट दराने पैसे देणे मालकाला बंधनकारक केले. केलेल्या कामाची मजुरी मागताना कामगाराचा व्हिसा कोणता, किंवा तो आहे की नाही, हा प्रश्न गैरलागू आहे, अशीच भूमिका तिथली न्यायालये आणि श्रम खाते अनेक वर्षे घेत आले आहेत. कामाच्या जागेवरील सुरक्षिततेचा १९७० चा कायदाही सर्वांना सारखाच लागू होतो. तरीही शेती, बांधकाम, उपाहारगृहे, कपडे शिवण्याचे कारखाने आणि घरकाम या स्थलांतरितांच्या क्षेत्रांत मजुरी बुडवली जाण्याच्या तक्रारी पुन्हा पुन्हा येतात. याचे मुख्य कारण असे की हक्क सर्वांना एकच असला, तरी तो मागण्याची किंमत सर्वांना सारखी मोजावी लागत नाही. स्थानिक कामगाराने तक्रार केली तर फार तर त्याची नोकरी जाते. स्थलांतरिताची नोकरी जाते आणि तिच्याबरोबर देशात राहण्याचा आधारही जाऊ शकतो.

मजुरी बुडते म्हणजे नेमके काय होते, ते आकड्यांत पाहिलेले बरे. समजा, एका उपाहारगृहाच्या स्वयंपाकघरात काम करणाऱ्या माणसाला तासाला १२ डॉलर ठरले आहेत आणि तो आठवड्याला ६० तास काम करतो. मालक त्याला ६० गुणिले १२, म्हणजे ७२० डॉलर रोख देतो. वरवर पाहता यात काही वावगे दिसत नाही आणि कामगारालाही आपण फसवले जात आहोत असे वाटत नाही. पण कायद्याप्रमाणे पहिल्या ४० तासांचे ४८० आणि उरलेल्या २० तासांचे १८ डॉलरच्या दराने ३६०, असे ८४० डॉलर व्हायला हवेत. दर आठवड्याला १२० डॉलर बुडतात आणि ५० आठवड्यांत ही रक्कम ६,००० डॉलर होते. दावा सिद्ध झाला तर कायदा साधारणपणे तेवढीच रक्कम भरपाई म्हणून आणखी द्यायला लावतो, म्हणजे मालकाला १२,००० डॉलर मोजावे लागतात. इथे किमान वेतनाचा भंग झालेलाच नाही, हे लक्षात घ्यावे. संघीय किमान वेतन जुलै २००९ पासून तासाला ७.२५ डॉलरवर थांबलेले आहे (अनेक राज्यांनी आपापले किमान वेतन त्याहून बरेच वर नेले आहे), आणि या माणसाला त्याहून पुष्कळ जास्त मिळत होते. मोठी रक्कम अशीच बुडते, ओव्हरटाइमच्या हिशेबात, गुपचूप.

काही कामगारांच्या बाबतीत मात्र पळवाट कायद्यातच ठेवलेली आहे. १९३५ च्या ‘नॅशनल लेबर रिलेशन्स ॲक्ट’ने कामगारांना संघटना बांधण्याचे आणि सामूहिक वाटाघाटीचे संरक्षण दिले, पण शेतमजूर आणि घरकामगार यांना त्यातून वगळले. १९३८ च्या कायद्यातही हे दोन गट बाहेरच राहिले. त्या काळी दक्षिणेकडील राज्यांत या दोन्ही कामांत मोठ्या संख्येने कृष्णवर्णीय होते आणि तिथल्या प्रतिनिधींची मते मिळवण्यासाठी ही तडजोड झाली, असे अनेक इतिहासकारांचे मत आहे. पुढे १९६६ मध्ये बऱ्याच शेतमजुरांना आणि १९७४ मध्ये बहुतेक घरकामगारांना किमान वेतन लागू झाले, पण शेतमजुरांना ओव्हरटाइम देण्याचे बंधन संघीय कायद्यात नाही आणि संघटनेच्या कायद्यातून तर हे दोन्ही गट अजूनही बाहेर आहेत. १९३५ मध्ये ज्यांना बाहेर ठेवले त्यांची कामे पुढे मेक्सिको, मध्य अमेरिका, फिलिपिन्स आणि कॅरिबियनमधून आलेल्या लोकांकडे गेली, आणि एका समाजासाठी आखलेली वगळणूक दुसऱ्याच्या वाट्याला आली.

ही पोकळी काही राज्यांनी आपल्या पातळीवर भरून काढली. कॅलिफोर्नियात १९६५ मध्ये डेलानो येथे द्राक्षमळ्यांतील संप फिलिपिनो मजुरांनी सुरू केला, त्यांचे नेते होते लॅरी इटलियाँग. नंतर सीझर चावेझ आणि डोलोरेस ह्युर्टा यांची संघटना त्यात उतरली. (चावेझ यांचे नाव सर्वांना ठाऊक असते, संप सुरू करणाऱ्यांचे क्वचितच.) पाच वर्षांच्या संपानंतर आणि द्राक्षांवरील देशव्यापी बहिष्कारानंतर १९७० मध्ये मळेवाल्यांनी करार केले आणि १९७५ मध्ये राज्याने शेतमजुरांना संघटनेचा हक्क देणारा स्वतंत्र कायदा केला. न्यूयॉर्क राज्याने २०१० मध्ये घरकामगारांसाठी देशातला पहिला हक्ककायदा संमत केला, तर शेतमजुरांना संघटनेचा हक्क द्यायला त्याच राज्याला २०१९ उजाडले.

आता व्हिसा आणि कागदपत्रांकडे वळू, कारण खरी गाठ तिथे आहे. १९८६ च्या कायद्याने सुमारे २७ लाख लोकांना कायदेशीर दर्जा दिला, पण त्याच कायद्याने कामाचा परवाना नसलेल्या व्यक्तीला जाणूनबुजून कामावर ठेवणे मालकासाठी बेकायदेशीर ठरवले. तेव्हापासून प्रत्येक नव्या कामगाराची कागदपत्रे पाहून ‘आय-९’ नावाचा अर्ज भरणे मालकाचे कर्तव्य झाले. हेतू मालकाला चाप लावण्याचा होता, पण व्यवहारात मालकाच्या हाती एक शस्त्र आले. कामगार निमूट काम करत असतो तोवर कागदपत्रांची कोणी विचारणा करत नाही. तो संघटनेत गेला किंवा त्याने थकबाकी मागितली की फाईल बाहेर निघते.

‘हॉफमन प्लास्टिक’ खटल्यातून हे चांगले समजते. कॅलिफोर्नियातील या कारखान्यात संघटना बांधण्याचा प्रयत्न करणाऱ्या एका कामगाराला १९८९ मध्ये कामावरून काढण्यात आले. १९३५ चा कायदा राबवणाऱ्या श्रमसंबंध मंडळाने ही कारवाई बेकायदेशीर ठरवली आणि बुडालेल्या पगारापोटी त्याला ६६,९५१ डॉलर द्यावेत असा आदेश दिला. पण सुनावणीत त्याने मित्राचा जन्मदाखला दाखवून नोकरी मिळवल्याचे उघड झाले होते. २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी निकाल दिला की अशा कामगाराला ही रक्कम देता येणार नाही. प्रत्यक्ष केलेल्या कामाची मजुरी या निकालात नव्हती, त्यामुळे तिच्यावरचा हक्क कायम राहिला. नाकारली गेली ती बेकायदा काढल्यामुळे बुडालेल्या पुढील काळाच्या पगाराची भरपाई. परिणाम मात्र मोठा झाला, कारण मालकाने कायदा मोडला हे सिद्ध होऊनही त्याच्या खिशाला झळ बसली नाही. ‘पुन्हा असे करणार नाही’ अशी सूचना भिंतीवर लावली की काम भागते. विरुद्ध मत देणाऱ्या न्यायमूर्तींनी नेमके हेच बजावले होते, की अशाने कायदा मोडणे स्वस्त होते आणि कागदपत्रे नसलेल्यांनाच कामावर घेण्याचा मोह वाढतो. माझ्या मते या विषयावर दिलेल्या मतांमध्ये सर्वांत व्यवहारी मत तेच आहे.

वैध व्हिसावर आलेला माणूस तरी मोकळा असतो का? ते व्हिसा कोणता यावर अवलंबून असते. शेतीच्या हंगामी कामासाठी ‘एच-२ए’ व्हिसा मिळतो, त्याला संख्येची मर्यादा नाही; शेतीबाहेरच्या हंगामी कामासाठी ‘एच-२बी’ असतो, त्याची वार्षिक मर्यादा ६६,००० आहे. कागदावर ‘एच-२ए’च्या अटी चांगल्या आहेत. मालकाने राहण्याची सोय फुकट करावी, करारातील किमान तीन चतुर्थांश तासांच्या कामाची हमी द्यावी, कामगाराकडून भरतीचे शुल्क घेऊ नये. पण व्हिसा एकाच मालकाशी बांधलेला असतो. जानेवारी २०२५ च्या नियमापूर्वी ते काम सोडले की देशात राहण्याचा आधारच जात असे, आणि पुढच्या हंगामात बोलावणे येईल की नाही हेही त्याच मालकाच्या मर्जीवर राहते. शिवाय मायदेशातील दलालाने घेतलेल्या पैशांचे कर्ज डोक्यावर असते. कर्ज फिटण्याआधी परतणे म्हणजे गेले त्यापेक्षा गरीब होऊन परतणे, त्यामुळे माणूस बरेच काही सोसतो.

हे कसे घडते याचे ठळक उदाहरण भारतीय कामगारांचेच आहे. २००५ च्या कतरिना चक्रीवादळानंतर ‘सिग्नल इंटरनॅशनल’ या जहाजबांधणी कंपनीने मिसिसिपीतील पास्कागूला आणि टेक्सासमधील ऑरेंज येथील गोद्यांसाठी सुमारे ५०० भारतीय वेल्डर व पाइपफिटर ‘एच-२बी’वर आणले. भरती करणाऱ्यांनी त्यांना ग्रीन कार्डची आशा दाखवली आणि प्रत्येकाकडून १०,००० डॉलर किंवा त्याहूनही अधिक घेतले. अनेकांनी त्यासाठी मालमत्ता विकली किंवा कर्ज काढले. तिथे पोहोचल्यावर त्यांना कुंपणाआडच्या छावणीत, एका खोलीत २४ जणांपर्यंत, ठेवण्यात आले आणि त्या निवासापोटी दरमहा १,०५० डॉलर पगारातून कापले जाऊ लागले. बाहेर राहिलात तरी पैसे कापले जातील, असे त्यांना सांगण्यात आले होते. ‘एच-२बी’ हा तात्पुरता व्हिसा असल्याने ग्रीन कार्डचे आश्वासन मुळातच पोकळ होते. २००७ मध्ये संघटित होऊ पाहणाऱ्या काहींना पकडून परत पाठवण्याचा प्रयत्न झाला. २००८ मध्ये बऱ्याच जणांनी काम सोडले आणि न्यू ऑर्लिन्सहून वॉशिंग्टनपर्यंत मोर्चा नेला. तिथे काहींनी उपोषणही केले. फेब्रुवारी २०१५ मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या ज्यूरीने पाच कामगारांना मिळून सुमारे १ कोटी ४० लाख डॉलर देण्याचा निर्णय दिला. त्याच वर्षी कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली आणि २०० हून अधिक कामगारांचे दावे २ कोटी डॉलरच्या तडजोडीने मिटले. या प्रकरणात कोणाकडेही बनावट कागद नव्हते. सगळे कायदेशीर मार्गाने आलेले कुशल कारागीर होते, आणि त्यांना जखडून ठेवणाऱ्या दोन गोष्टी होत्या: कर्ज आणि एका मालकाला बांधलेला व्हिसा.

याच्या शेजारी संगणक क्षेत्रातील ‘एच-१बी’ ठेवून पाहिला तर फरक कळतो. २००० च्या एका कायद्याने ‘एच-१बी’धारकाला नव्या कंपनीने अर्ज दाखल करताच तिच्याकडे काम सुरू करण्याची मुभा दिली. नोकरी गेल्यास देशात राहून दुसरी शोधायला साधारण ६० दिवसांची सवलत मिळते. काम नाही म्हणून घरी बसवले तरी पगार देण्याचे बंधन मालकावर आहे. ही सुटकेची वाट अरुंद आहे आणि भारतीयांच्या बाबतीत ग्रीन कार्डची वर्षानुवर्षांची रांग ती आणखी अरुंद करते, पण वाट आहे एवढ्यानेच मालकाशी बोलण्याचा सूर बदलतो. जानेवारी २०२५ पासून तशीच मुभा टोमॅटो तोडणाऱ्यालाही कागदावर मिळाली; ती प्रत्यक्षात वापरता आली तर त्याचीही सौदाशक्ती वाढेल. मालक बदलण्याची सोय या एका सुधारणेने निरीक्षकांच्या मोठ्या फौजेइतके काम होईल असे मला वाटते, आणि तिला सरकारी तिजोरीतून फारसा खर्चही नाही.

दुसरी अडचण मालक शोधण्याची असते. शेतात मजूर आणतो मुकादम, मुकादमाला पैसे देतो शेतमालक, शेतमालकाकडून माल घेतो वितरक आणि वितरकाकडून मोठी साखळी-दुकाने. दर वरून खाली दाबत येतो आणि तो दाब शेवटी मजुरीवर येऊन थांबतो. मुकादमावर दावा लावला तर त्याच्या नावावर एक जुनी व्हॅन सापडते. कपड्यांच्या धंद्यातही हीच रचना आहे. ऑगस्ट १९९५ मध्ये कॅलिफोर्नियातील एल मॉन्टे गावात काटेरी तारांनी वेढलेल्या इमारतसमूहातून ७२ थाई कामगारांची सुटका झाली. ते तिथे डांबलेल्या अवस्थेत नामांकित दुकानांसाठी कपडे शिवत होते. त्यांनी थेट त्या ब्रँड आणि दुकानांवर दावे लावले आणि त्यातून त्यांना ४० लाख डॉलरहून अधिक रक्कम मिळाली. पुढे १९९९ मध्ये राज्याने कपडे बनवून घेणाऱ्यांना कंत्राटदाराने बुडवलेल्या मजुरीसाठी जबाबदार धरले आणि २०२१ च्या कायद्याने ही जबाबदारी ब्रँडपर्यंत नेली, शिवाय या उद्योगात नगावर मजुरी देण्याची पद्धतच बंद केली.

साखळीच्या वरच्या टोकाला हात घालण्याची सर्वांत कल्पक पद्धत फ्लोरिडातील इमोकली गावच्या टोमॅटोमजुरांनी शोधली. तिथे मजुरी बादलीवर मिळे. ३२ पौंडांची, म्हणजे साडेचौदा किलोंची, एक बादली भरली की साधारण ५० सेंट. ७.२५ डॉलरच्या दराने दहा तासांचे किमान वेतन पदरात पाडायचे तर १४५ बादल्या, म्हणजे दोन टनांहून अधिक टोमॅटो तोडून, खांद्यावरून पळत नेऊन ट्रकवर चढवावे लागतील. त्यातही मुकादम बादली काठोकाठ घेत नसे. वर शीग लावलीच पाहिजे असा आग्रह असे. त्या शिगेपायी दहा टक्क्यांपर्यंत मजुरी फुकट जाई, तीही कोणत्याही हिशेबवहीत न दिसता.

इमोकलीच्या मजुरांच्या संघटनेने शेतमालकांऐवजी टोमॅटोच्या मोठ्या ग्राहकांना गाठले. २००१ मध्ये ‘टाको बेल’ या फास्ट फूड साखळीवर बहिष्कार पुकारला आणि २००५ मध्ये तिच्या मूळ कंपनीने मागणी मान्य केली: दर पौंडामागे एक सेंट जास्त, तो मजुरांपर्यंत पोहोचवायचा. २००७ मध्ये ‘मॅकडोनाल्ड्‌स’, २०१० मध्ये फ्लोरिडाच्या टोमॅटो उत्पादकांची संघटना आणि २०१४ मध्ये ‘वॉलमार्ट’ त्यात आले. पैशांपेक्षा महत्त्वाची होती करारातील अट. शेतात मारहाण, लैंगिक छळ किंवा वेठबिगारी आढळली आणि मालकाने ती दूर केली नाही, तर करारातील कंपन्यांनी त्या शेताचा माल घेणे थांबवायचे. तक्रारीसाठी चोवीस तास चालू असलेला फोन, स्वतंत्र तपासनीस, कामाच्याच वेळेत मजुरांना हक्कांची माहिती, आणि बादलीवरची शीग बंद. मजुराचे कागद कोणते, हा प्रश्न या यंत्रणेत कुठेच येत नाही. अर्थात टोमॅटोत जमले ते सर्व पिकांत जमेल असे नाही. जिथे खरेदीदार मोजके आणि ब्रँडची अब्रू महत्त्वाची, तिथे ही पद्धत चालते.

‘यांना हक्क दिले तर इथल्या माणसाचे काम जाईल’ हा आक्षेप नेहमी घेतला जातो, म्हणून त्याचा विचार करायला हवा. एखाद्या कंत्राटदाराला ओव्हरटाइम न देता माणसे मिळत असतील, तर तो निविदेत कमी दर लावतो आणि नियमाने पैसे देणारा कंत्राटदार काम गमावतो. त्याच्याकडचे कामगार, मग ते कुठेही जन्मलेले असोत, त्याच्याबरोबरच बाहेर पडतात. म्हणजे स्वस्त पडतो तो हक्क मागू न शकणारा माणूस. त्याचा हक्क अमलात आला की मालकाचा हा फायदा संपतो. अमेरिकेतील संघटनांचा महासंघ ‘एएफएल-सीआयओ’ एके काळी १९८६ च्या कायद्यातील मालकांना दंड करण्याच्या तरतुदीचा समर्थक होता. फेब्रुवारी २००० मध्ये त्याने भूमिका बदलली आणि ती तरतूद रद्द करून या कामगारांना कायदेशीर दर्जा द्यावा अशी मागणी केली, ती याच हिशेबाने. ‘हे लोक कर भरत नाहीत’ या समजाचेही तसेच. ‘इन्स्टिट्यूट ऑन टॅक्सेशन अँड इकॉनॉमिक पॉलिसी’ या संस्थेच्या अंदाजानुसार कागदपत्रांविना राहणाऱ्यांनी २०२२ मध्ये ९६.७ अब्ज डॉलर कर भरला. त्यातले २५.७ अब्ज सामाजिक सुरक्षेच्या निधीत गेले, ज्यातून त्यांना स्वतःला सहसा निवृत्तिवेतन मिळणार नाही.

तक्रारदाराला संरक्षण देण्याच्या काही तरतुदी आता आहेत. २००० च्या कायद्याने मानवी तस्करीच्या बळींसाठी ‘टी’ आणि गंभीर गुन्ह्यांच्या बळींसाठी ‘यू’ व्हिसा आणला. सिग्नलच्या अनेक कामगारांना ‘टी’ व्हिसा मिळाला. परंतु ‘यू’ व्हिसा वर्षाला फक्त १०,००० मुख्य अर्जदारांना मिळतो आणि त्याची रांग अनेक वर्षांची आहे, शिवाय साधी मजुरी बुडवणे त्यात बसत नाही. कॅलिफोर्नियाने २०१३ मध्ये वेगळा मार्ग घेतला: हक्क मागणाऱ्या कामगाराला ‘इमिग्रेशनला कळवतो’ अशी धमकी देणाऱ्या मालकावर कारवाई होते आणि त्याचा धंद्याचा परवानाही निलंबित होऊ शकतो. प्रशासकीय आदेशाने दिलेल्या सवलती सरकार बदलले की पुसल्या जातात, म्हणून असे राज्याचे कायदे अधिक भरवशाचे.

प्रत्यक्ष दाव्यात मात्र बऱ्याचदा एक साधी वही निर्णायक ठरते. कामाच्या तासांची नोंद ठेवणे हे कायद्याने मालकाचे कर्तव्य आहे, आणि त्याने ती ठेवली नसेल तर कामगाराने स्वतःच्या आठवणीने व टिपणांनी मांडलेला वाजवी अंदाज ग्राह्य धरता येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने १९४६ च्या ‘माउंट क्लेमेन्स पॉटरी’ खटल्यात ठरवून दिले आहे. तो अंदाज खोडून काढण्याचा भार मग मालकावर येतो. रोज आत गेल्याची व बाहेर पडल्याची वेळ, मुकादमाचे नाव, गाडीचा क्रमांक, हातात पडलेली रक्कम, इतके लिहून ठेवले तरी पुरते. मुदत मात्र चुकवू नये. संघीय कायद्यानुसार मजुरीचा दावा दोन वर्षांत, आणि मालकाने जाणूनबुजून बुडवली असेल तर तीन वर्षांत करावा लागतो. जसजसे आठवडे उलटतात तसतसे मागचे आठवडे दाव्यातून गळत जातात. सुरक्षिततेची तक्रार केली म्हणून कामावरून काढले असेल, तर त्याविरुद्ध संघीय श्रम खात्याकडे जाण्याची मुदत केवळ ३० दिवसांची आहे.